सतरा नंबरचा बिल्ला

कार्तिक संपत आला की बंगळुरात, बसवनगुडीला, आमच्या घरापासून चार पावलांवर भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागतात. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या, लाल सालीच्या, एका शेंगेत तीन तीन दाण्यांच्या. रस्त्याच्या दोन्ही कडांना पोत्यांवर पोती रिकामी होतात, फुटपाथ बुजून जातात आणि सगळ्या भागाला ओल्या मातीचा आणि भाजक्या टरफलांचा वास येतो. लोक या दिवसांची वर्षभर वाट पाहतात. मीही पूर्वी पाहायचो. हल्ली मात्र शेंगांची पहिली गाडी दिसली की माझे कान गरम होतात, आणि मी पिशवी घेऊन उगाचच उलट्या दिशेला चालू लागतो. बायको म्हणते, "थंडी बाधते तुम्हाला." मी हो म्हणतो. थंडीवर ढकललेलं बरं असतं. लाजेला काढा नाही.

त्या वर्षीही शेंगा अशाच आल्या होत्या, आणि मी सायकल घेतली होती.

घेतली म्हणजे मेहुण्याने घ्यायला लावली. आमची शैला पुण्याची. तिचा धाकटा भाऊ सुधीर नोकरीसाठी इकडे आला आणि कोरमंगलात राहू लागला. आम्ही इथले तीन-साडेतीनशे वर्षांचे जुने मराठी; आमच्या मराठीत 'थोडं'ऐवजी 'स्वल्प' आणि 'बरं'ऐवजी 'सरी' हे शब्द इतके मुरलेत की ते कानडी आहेत हे आम्हाला सुधीरनेच सांगितलं. तो आमच्याकडे जेवायला आला की आधी माझ्या भाषेवर हसायचा आणि मग पोटावर.

"भाऊजी, तीस वर्षं चिकपेटच्या दुकानात गादीवर बसलात तुम्ही. आता गादी कुठली आणि तुम्ही कुठले, सांगता येत नाही."

"धंद्यात वजन लागतं," मी म्हणालो.

"ते शब्दाला लागतं. सायकल घ्या."

साड्या विकणाऱ्या माणसाला कापडातलं कळतं असा माझा समज होता. सायकलवाल्यांची ती चड्डी पाहिल्यावर तो गेला. ते कापड नव्हतंच, दुसरी कातडी होती. ती चढवायला मला पंधरा मिनिटं आणि भिंतीचा आधार लागला. बाहेर आलो तेव्हा शैलाने एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं नाही. "हे घालून गल्लीतून जाणार असाल तर उजाडायच्या आत जा," एवढंच म्हणाली. मी पहाटेच्या सायकलिंगकडे वळलो तो असा.

शहरापासून तास-सव्वा तासावर एक डोंगर आहे. नाव सांगत नाही. तिथली माणसं चांगली आहेत, उगाच मला ओळखतील. सगळा डोंगर राखीव, त्याचं निसर्ग उद्यान केलेलं, आणि दर रविवारी सकाळी सहा ते नऊ त्या घाटरस्त्यावर मोटारींना बंदी. फक्त चालणारे आणि सायकलवाले. नऊ वळणं. खाली निलगिरीची झाडं, मध्ये टणटणीचं रान, वर उघडे काळे कातळ आणि त्यांच्यावर बसून आपल्याकडे तुच्छतेने पाहणारी माकडं. त्या दिवसांत धुकं इतकं उतरायचं की पुढचा सायकलवाला दिसायचा नाही, त्याच्या साखळीची किरकिर तेवढी ऐकू यायची. कुठे तरी मोर ओरडायचा. झाडावरून दव ठिबकून डांबरावर पडलेलं ऐकू यायचं. आपला श्वास ऐकू यायचा. माझा तर मागच्या वळणावरच्या माणसालाही ऐकू जायचा.

बंगळुरात राहणाऱ्या माणसाला असल्या रस्त्यावर एक अडचण येते, ती कुणी सांगत नाही. आमचं सगळं आयुष्य ट्रॅफिकवर उभं आहे. लग्नाला उशीर झाला, ट्रॅफिक. आजाऱ्याला भेटायला गेलो नाही, ट्रॅफिक. भावाशी भांडण मिटलं नाही, कारण तो शहराच्या त्या टोकाला राहतो आणि मध्ये ट्रॅफिक. समोरचाही लगेच मान हलवतो, कारण संध्याकाळी त्यालाही तेच कुणाला तरी सांगायचं असतं. आणि इथे हा रस्ता, काळाभोर, स्वच्छ, मोकळा. एक रिक्षा नाही, एक हॉर्न नाही. आपण आणि चढ. इथे मागे पडलो तर ते कुणावर घालणार? पहिल्या रविवारी मला वाटलं होतं की या शांततेत मन हलकं होईल. तिसऱ्या वळणावर कळलं की मन हलकं होण्याने वजन कमी होत नाही.

तिसऱ्या वळणावर एक मोरी आहे, तिला कमरेएवढा दगडी कठडा. पलीकडे दरी. त्या कठड्याशी माझी चांगली ओळख झाली. सुधीर शिखरावर जाऊन, फोटो काढून, शिट्टी वाजवत परत यायचा तेव्हा मी तिथे असायचो. कधी चेन सुटलेली असायची, कधी डोळ्यात किडा गेलेला असायचा, एकदा मी पक्षी पाहत होतो.

"कुठला पक्षी?" त्याने विचारलं.

"उडाला."

फाटकावर मुनियप्पा असायचा. वनखात्याचा जुना राखणदार, साठीला टेकलेला, खाकी स्वेटर, कानाला मफलर, बारीक चणीचा. त्याची एक पद्धत होती. फाटकाजवळ फळी टांगलेली, तिच्यावर रांगेने खिळे, प्रत्येक खिळ्याला पत्र्याचा नंबर घातलेला बिल्ला. वहीत नाव, फोन नंबर आणि वेळ लिहायची, बिल्ला घ्यायचा. खाली आलात की बिल्ला द्यायचा, मुनियप्पा तो खिळ्याला अडकवून वहीत परतीची वेळ लिहिणार. फळीवरचा एक खिळा जरी रिकामा असला तरी मोटारींसाठी फाटक उघडायचं नाही. नऊ वाजलेले असोत की दहा. "वळणावर माझा माणूस असला आणि वरून टेम्पो आला तर?" तो विचारायचा. बिल्ला घेऊन गेलेला प्रत्येक जण त्याचा माणूस. हल्ली तिथे मनगटाला कागदी पट्टी बांधतात. बिल्ले का बंद झाले ते नव्या लोकांना ठाऊक नसतं. मला ठाऊक आहे.

एका रविवारी नात्यातल्या साखरपुड्यात कुणीतरी माझ्या सायकलचं कौतुक केलं, आणि मी, पानात जिलबी असताना, म्हणालो की आता वरपर्यंत जायला काही वाटत नाही. सुधीर समोरच बसला होता. तो हसला नाही, हेच वाईट. म्हणाला, "छान. मी पुढच्या आठवड्यात पुण्याला चाललोय. तुम्ही एकटे जाऊन या. परत आलो की वहीत तुमची वेळ बघतो."

त्या एकट्या रविवारी मी वहीत लिहिलं: एम. राव. हे खोटं नव्हतं. आमचं आडनाव जाधव, पण इथल्या जुन्या मराठी माणसाला सगळं गाव 'राव' म्हणतं, आणि आम्हीही फॉर्मवर तेच ठोकतो. या शहरात दर तिसऱ्या गल्लीत एक राव आहे. फोन नंबर लिहिला तो मात्र शेवटचा आकडा बदलून, तीनच्या जागी आठ. ही आमची शहरी सवय. दुकानात, दवाखान्यात, सोसायटीच्या फाटकात, जिथे वही पुढे येते तिथे हात आपोआप आठ काढतो, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून फ्लॅट विकणारे फोन करतात. मुनियप्पा फ्लॅट विकत नव्हता. हाताला ते कळलं नाही.

बिल्ला मिळाला सतरा नंबरचा. धुकं होतं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्यावर कठड्याने मला आपलं म्हटलं. दहा मिनिटं बसलो. पोटऱ्या थरथरत होत्या, तोंडात लोखंडाची चव आली होती. आणि मग मी एक मिनिट शांतपणे विचार केला. माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे शांतपणे विचार केल्यावर झालेले आहेत. आत्ता खाली गेलो तर वहीत परतीची वेळ पडणार, गेल्यापासून चाळीस मिनिटं. एवढ्यात वर जाऊन सुधीरही येत नाही. तर बिल्ला आत्ता द्यायचा नाही. हळूच बाहेर पडायचं, खालच्या गावात इडली खायची, साडेआठला परत येऊन घाम पुसत बिल्ला द्यायचा.

मुनियप्पा फाटकाकडे पाठ करून शेकोटीत काटक्या घालत होता. मी सायकल खांद्यावर घेतली आणि आडव्या दांड्याच्या बाजूच्या फटीतून निघून गेलो. चोरासारखा म्हणणार होतो, पण चोराला इतका आनंद होत नसावा.

खालच्या गावात चिंचेखाली माझी मोटार उभी होती, आणि समोर हॉटेल. ताटलीएवढी तट्टे इडली, वर लोण्याचा गोळा, सोबत झणझणीत लाल चटणी. दोन खाल्ल्या. मग आणखी दोन. थंडी, ऊन, पोट भरलेलं. मोटारीत पाच मिनिटं पाठ टेकली. जाग आली तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि माझ्या तोंडावर ऊन होतं. आता परत जायचं तर काय सांगायचं? पत्र्याचा तुकडा तो, मी मनाशी म्हणालो, असे पुष्कळ असतील त्याच्याकडे. आणि घरी आलो.

सोमवारी धुण्याच्या यंत्रात काहीतरी खडखडलं. शैलाने जर्सीच्या मागच्या खिशातून बिल्ला काढला. "हे काय? देवळात चपलांचं का?"

"हो," मी म्हणालो.

"मग चपला आणल्यात ना?"

पुढच्या रविवारी सुधीरबरोबर फाटकाशी गेलो. हेल्मेट, काळा चष्मा, नाकापर्यंत फडकं. थंडीत आम्ही साठ-सत्तर जण सगळे सारखेच दिसायचो. मुनियप्पाचा चेहरा उतरला होता. वही पुढे करायच्या आधी तो प्रत्येकाला विचारत होता, "सार, गेल्या रविवारी वर कुणी राव भेटले का? सतरा नंबर?"

"काय झालं?" सुधीरने विचारलं.

ते सगळं बोलणं कानडीत झालं. मला ते मराठीतही तेवढंच स्वच्छ ऐकू येतं. सतरा नंबरचा माणूस खाली आलाच नाही. दहा वाजले, अकरा वाजले. मुनियप्पाने वहीतल्या नंबरावर फोन लावला. हुबळीच्या कुणीतरी उचलला आणि झोपमोड केली म्हणून शिव्या दिल्या. मुनियप्पाने फाटक उघडलं नाही. तो पायी नऊ वळणं चढला, प्रत्येक कठड्यावरून वाकून हाका मारत. वरच्या पठारावरच्या लोकांचा शेवंतीने भरलेला टेम्पो अडकला. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन घाट उतरल्या आणि जाताना त्यांनी मुनियप्पाला नाही नाही ते ऐकवलं. दुपारी चारला साहेब आले. म्हणाले, कुणी हरवल्याची तक्रार नाही, म्हणजे कुणी हरवलेलं नाही. फाटक उघड.

"मग झालं की," सुधीर म्हणाला.

"तक्रार करायला घरी माणूस असावं लागतं, सार," मुनियप्पा म्हणाला. "एकटा असला तर?"

रोज पाळी संपली की उजेड असेपर्यंत तो एकेका वळणाखालची दरी पाहत होता. दोन वळणं झाली होती.

मी तिथे उभा होतो. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. 'अहो, तो मीच' एवढे तीन शब्द. कानडीतही फार नाहीत. तेवढ्यात सुधीरने मागचं पान उलटलं आणि बोट फिरवत म्हणाला, "भाऊजी, यात जाधव कुठे दिसत नाही. तुम्ही आलाच नव्हतात की काय?"

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. "नाही आलो," मी म्हणालो. "सर्दी होती."

"मला वाटलंच," तो म्हणाला आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. साखरपुड्यातलं खोटं मी आनंदाने टाकून दिलं, कारण त्याहून मोठं खोटं झाकायला ते उपयोगी पडत होतं. माणूस कुठवर घसरतो याचा विचार मी पुढे पुष्कळ केला आहे. त्या क्षणी मात्र मला स्वतःच्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं होतं, हे लिहून ठेवलं पाहिजे.

बिल्ला खिशात होता. तिसऱ्या वळणावर सुधीर पुढे गेल्यावर मी तो काढला. योजना सोपी होती. मोरीजवळ रस्त्यावर टाकायचा. कुणीतरी उचलेल, फाटकावर देईल, खिळा भरेल, म्हाताऱ्याचा जीव शांत होईल. उतरून हळूच ठेवला असता तर लेख इथेच संपला असता. पण मागून कुणाच्या तरी साखळीची किरकिर आली आणि मी घाईने फेकला. तो कठड्यावर एकदा वाजला, दुसऱ्यांदा वाजला, आणि पलीकडे गेला. धुक्यात खूप वेळाने तिसरा आवाज आला.

मी ऐकला आणि सायकल वळवली.

पुढचा आठवडा दुकानात गेला. लग्नसराई सुरू झाली होती, गिऱ्हाईक दम घेऊ देत नव्हतं. जांभळ्या काठाची साडी उलगडताना मला धुकं दिसायचं. एका बाईने विचारलं, "अण्णा, हा रंग जाईल का?" मी म्हणालो, "जाईल." तीस वर्षांत पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला खरं बोललो. ती उठून गेली.

त्यानंतरच्या रविवारी फाटकावर दुसराच राखणदार होता. फळीवरचा सतरावा खिळा भरलेला होता. मला आधी बरं वाटलं, इतका मी मूर्ख आहे.

"मुनियप्पा?" मी विचारलं.

"पाय मोडला त्याचा," तो वहीवरून मान वर न करता म्हणाला. "तिसऱ्या मोरीखाली शेळ्यावाल्याला तो बिल्ला सापडला. माणूस तिथेच पडलाय म्हणून हा दोर बांधून खाली उतरला. आम्ही नको म्हणत होतो. दगड निसटला." मग म्हणाला, "नाव लिहा सार."

सुधीर पुढे झाला होता. मी त्याला हाक मारून वर जायला सांगितलं, सायकल कुंपणाला टेकवली आणि मुनियप्पाचं घर विचारलं. ते फाटकामागेच होतं, शेताच्या बांधावरून पाच मिनिटं. सायकलच्या बुटांना खाली धातू असतो. मी बांधावरून टक टक करत, ती चड्डी आणि ते हेल्मेट घालून चाललो होतो, आणि शेतात नाचणी कापणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या. हसत होत्या. मला ते बरं वाटलं. हसण्यापलीकडचं त्यांना काही ठाऊक नव्हतं.

मुनियप्पा पडवीत खाटेवर होता, डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. त्याची बायको, लक्ष्मक्का, जमिनीवर बसून अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. त्या दिवसांत या मुलखात सगळीकडे त्याच शेंगांचा वास असतो, बोटांना चिकटणारा.

"या सार," मुनियप्पा म्हणाला. "साहेबांनी पाठवलं का?"

"नाही," मी म्हणालो. "सतरा नंबर मी."

त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं. मग हात पुढे केला. मला वाटलं मारणार, आणि मी खरोखरच गाल थोडा पुढे नेला. त्याने माझं मनगट धरलं आणि नाडी बघतात तसं दाबून पाहिलं.

"कुठे लागलं?"

"कुठे नाही."

"डोक्याला?"

"नाही."

"लक्ष्मी," तो वळून म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. "इकडे ये. तो आहे. सतरा. जिवंत आहे."

लक्ष्मक्का हात पुसत उठली. मला पायापासून हेल्मेटपर्यंत पाहून म्हणाली, "नाव ठाऊक नाही, म्हणून देवाला नंबरच सांगत होते. सतरा नंबरवाल्याला घरी पोचव, म्हणून रोज वात लावतेय." कोनाड्यात खरंच एक दिवा होता. "पाय गेला तर जाऊ दे. माणूस आला." मग तिने मला खांद्याला धरून पूर्वेकडे तोंड करून उभं केलं. "हलू नका. तुम्हाला कुणाची तरी दृष्ट लागली होती. एवढा धडधाकट माणूस."

धडधाकट ऐकून मला जमिनीत जावंसं वाटलं.

मला बोलायचं होतं. वाटेत शब्द जुळवले होते, त्यात 'क्षमा' दोनदा येत होतं. पण तिची मूठ माझ्याभोवती फिरू लागली होती, मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या, आणि ओठांतल्या ओठांत ती आल्यागेल्याची, भुताखेताची, वाटेवरच्या वाऱ्याची नावं घेत होती. माझं नाव त्या यादीत नव्हतं. तिने मूठ चुलीत टाकली.

आणि मिरच्यांचा असा खाट उठला. मुनियप्पा खाटेवर पाय धरून खोकायला लागला, लक्ष्मक्का पदर तोंडाला लावून खोकली, मी तर वाकलोच. कोंबड्या अंगणाबाहेर पळाल्या. खूप वेळ तिघेही नुसते खोकत होतो आणि डोळे पुसत होतो.

लक्ष्मक्काने चुलीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. "दृष्ट असती तर ठसका आला नसता," ती म्हणाली. "याला तर काहीच लागलेलं नाही."

मग माझ्याकडे वळली. रागाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून.

"मग त्या दिवशी तुम्हाला झालं तरी काय होतं?"

मी हेल्मेट काढलं.

"अक्का," मी म्हणालो, "काही झालं नव्हतं. तिसऱ्या वळणावर मला दम लागला होता."

ती पुढचं ऐकायला थांबली.